माइक निवडावा, गाऊ नये

घरच्या संगणकावर आपलं गाणं रेकॉर्ड करण्याची हौस आता चांदवडलाही लागली आहे. आनंदाची गोष्ट आहे. मात्र नवख्या मंडळींत एक घातक घाई दिसते. मिळेल तो माइक घ्यायचा आणि लगेच गायला लागायचं. अशाने सूर कुठे सुटतो ते कळतं, आणि पुढे रियाज करण्याची वेळ येते. म्हणून सुज्ञ माणसाने आधी माइक निवडावा, आणि निवडतच राहावं.

या कामी आपल्या बाजार समितीचा कित्ता गिरवू नये. तिथे व्यापारी ट्रॉलीतला कांदा ओंजळीत घेतो, एक नजर टाकतो आणि बोली बोलतो. अख्ख्या हंगामाचा निकाल मिनिटभरात! माइक एवढा स्वस्त पडलेला नाही. त्याचा आलेख असतो, त्या आलेखावर चढ-उतार असतात आणि त्या प्रत्येक चढ-उतारावर रात्र रात्र व्हिडिओ पाहता येतात.

जुन्या लोकांना हे सुख नव्हतं. १९०२ साली कोलकात्यात रेकॉर्डिंगसाठी गायिका गौहर जानपुढे नुसता एक भोंगा ठेवला होता. विजेचा माइक रेकॉर्डिंगच्या कामात यायला १९२५ उजाडलं. निवडायला काहीच नसल्यामुळे बिचारीला गावं लागलं, तेही तीनेक मिनिटांत सगळं आटोपून शेवटी स्वतःचं नाव सांगत. आपल्याकडे रेणुकामातेचे गोंधळी अजूनही संबळाच्या दणक्यावर रात्रभर गातात आणि शेवटच्या माणसाला शब्द न् शब्द ऐकू जातो. साधनांच्या अभावी माणसाला आवाज कमवावा लागतो, तो असा.

आता निवडीकडे वळू. माइक मुख्यतः दोन जातींचे: डायनॅमिक आणि कंडेन्सर. डायनॅमिक दणकट असतो, फारसा नखरा करत नाही आणि समोर तोंडाजवळ जे आहे तेवढंच प्रामुख्याने टिपतो. म्हणजेच तो आपल्या कामाचा नाही. स्टेजवर सर्रास दिसणारा शुअर एसएम ५८ हा १९६६ सालचा. इतकं जुनं काही घेतलं तर चारचौघांत सांगायचं काय? मायकेल जॅक्सनने १९८२च्या ‘थ्रिलर’साठी डायनॅमिक माइकवरच गायलं, हे खरं आहे. पण त्याला गाता येत होतं. आपल्याला अशी जोखीम घेऊन चालणार नाही.

आपण मोठ्या पडद्याचा कंडेन्सर घ्यावा. त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते. म्हणजे ऑडिओ इंटरफेस आला, आणि तोही निवडावा लागतो. महिनाभराची बेगमी झाली. कंडेन्सरचा कान तिखट. मुंबई-आग्रा महामार्गावर ट्रकने दिलेला हॉर्न, शेजारच्या कुकरची तिसरी शिट्टी, मे महिन्यात बंद करता न येणारा पंखा, सगळं तो आपल्या आवाजाइतक्याच आपुलकीने टिपतो. फरशी, स्लॅब आणि उघड्या भिंतींची खोली असेल तर आपलाच आवाज चहूबाजूंनी परत आणून देतो. यावर महागडा माइक घेणं हाच उपाय. त्यात हॉर्न अधिक स्वच्छ येतो.

काही अरसिक लोक फुकटचे उपाय सुचवतात. भिंतींवर गोधड्या टांगा म्हणतात. माइकची बहिरी बाजू, म्हणजे कार्डिऑइड माइकची पाठ, गोंगाटाकडे करा म्हणतात. तोंड दोन फुटांवरून एका फुटावर आणलं की आवाज ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीचा गोंगाट होता तेवढाच राहतो, असंही सांगतात. हे सगळं खरं आहे, म्हणूनच त्यापासून दूर राहावं. आजीच्या गोधडीने काम भागलं तर अनबॉक्सिंग कशाचं करणार?

रेकॉर्डिंग मात्र ९६ किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटवरच करावं. माणसाला फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि त्यासाठी ४४.१ पुरेसं असतं, हा हिशेब माणसांपुरता झाला. वरचं सारं वटवाघळांना ऐकू जातं, आणि श्रोता कधी कुठे भेटेल सांगता येत नाही. पुढे ते गाणं व्हॉट्सॲपवर दाबून बारीक होईल आणि मामा ते फोनच्या स्पीकरवर, ट्रॅक्टर चालू ठेवून ऐकतील. पण तो मामांचा प्रश्न आहे.

माझा सल्ला एवढाच, की मामांपर्यंत गोष्ट जाऊच देऊ नये. गायलेल्या गाण्याला कुणीही नावं ठेवू शकतं. ज्याचा माइक अजून ठरायचा आहे, त्याच्या आवाजात खोट काढणारा अख्ख्या तालुक्यात सापडणार नाही. तेव्हा या दिवाळीत ऑनलाइन सेल लागला, की कार्टमध्ये चार माइक टाकून ठेवावेत आणि ‘बाय’चं बटण दाबण्याआधी नवं मॉडेल कधी येतंय याची चौकशी करावी.