मेगाहर्ट्झकाका

मराठी मासिकात कथा छापली की वाचक ‘आवडली’ असे कळवतात. कविता छापली की कवी स्वतःच कळवतो. रेडिओलहरींवर लेख छापला तर तो कुणालाच आवडत नाही, तरी पत्रे येतात, आणि महिन्याचे सर्वांत जाड पाकीट त्याच लेखाचे असते. पत्रव्यवहाराचे पान सांभाळणाऱ्याला ते न फोडताही ओळखता येते. पत्ता ड्रॉइंगच्या तासाला घोटून घेतात तसल्या सुट्या, ताठ अक्षरांत. पिनकोडचे सहा आकडे सहा चौकटींत, चौकटी पट्टीने आखलेल्या. मागल्या बाजूला नावाखाली ‘निवृत्त अभियंता, प्रक्षेपण’. हे आमचे मेगाहर्ट्झकाका.

नाव कचेरीने ठेवले आहे, आणि ते एकट्या त्यांचे नाही. हा माणूस डोंबिवलीत असतो, नाशिकला असतो. सांगलीत तर दोन असतात आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. मी सांगतोय ते पुण्याचे. सगळी नोकरी मध्यमलहरींच्या ट्रान्समीटरवर गेली. रेडिओतला माणूस म्हटले की लोकांना निवेदक आठवतो, गाणी आठवतात. काकांनी इतक्या वर्षांत कार्यक्रम असा कधी ऐकलाच नाही. तो नीट बाहेर पडतोय ना, एवढेच पाहिले. पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर. म्हणजे सेकंदाला सात लाख ब्याण्णव हजार आंदोलने, आणि त्यांत दहापेक्षा जास्त इकडेतिकडे व्हायची मुभा आंतरराष्ट्रीय नियम देत नाही. मीटर वाचायचे, लॉगबुकात लिहायचे, खाली सही करायची. अशी नोकरी केलेल्या माणसाच्या हाती निवृत्तीनंतर मराठी मासिक पडले. पुढे काय झाले असेल ते कुणीही ओळखावे.

पत्र फुलस्केप कागदावर असते. डावीकडे आमच्या लेखाचे कात्रण खळीने चिकटवलेले, उजवीकडे टिप्पणी. खुणांसाठी दोन तोंडांची लाल-निळी पेन्सिल, जी आता कुठल्या दुकानात मिळते हे काकांनाच ठाऊक. लाल खूण वस्तुस्थितीच्या चुकीला, निळी एककाच्या चुकीला. शुद्धलेखन ते सोडून देतात. ते खाते सांगलीकरांकडे आहे. ‘सा. न. वि. वि.’ झाल्यावर पहिले वाक्य ठरलेले: ‘लेख वाचून करमणूक झाली.’ मग मुद्दा १ (अ), १ (ब) अशी उतरंड. शेवटी टर्मनच्या ‘रेडिओ इंजिनिअरिंग’मधल्या पानाची झेरॉक्स. हे पुस्तक पहिल्यांदा निघाले १९३२ मध्ये, आणि त्यानंतर या विषयात जे काही झाले ते काकांच्या मते परिशिष्टात मावते.

आता एक गोष्ट आधीच कबूल करायला हवी. काकांचे चुकत नाही. लेखक चिडतात, ‘हा म्हातारा लेखाचा गाभा सोडून देठ धरून बसतो’ म्हणतात, पण देठ तपासला की काकांनी सांगितल्याप्रमाणेच वाकडा निघतो.

मोबाइलवरच्या एका लेखाचे घ्या. फोन साधारण २०० मिलिवॅटपर्यंतच्या शक्तीने लहरी सोडतो, असे लेखकाला म्हणायचे होते. हस्तलिखितात नुसतीच इंग्रजी आद्याक्षरे होती. त्यांतले पहिले लहान की मोठे हे न बघता कुणीतरी ते ‘मेगावॅट’ करून टाकले. अब्जपटीचा फरक. चार जणांच्या नजरेखालून तो मजकूर गेला, छापला गेला, घरोघर पोचला, आणि कुणाच्या भुवईचा केसही हलला नाही. आठवड्याच्या आत काकांचे पत्र: ‘कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे. आपल्या लेखानुसार दहा माणसांनी एकाच वेळी फोन लावला तर ४० मेगावॅटची तूट येते. ही तूट आपण भरून काढणार की सरकार?’ याला काय उत्तर देणार? आम्ही पत्र छापले. त्यावर काकांचा फोन आला. छापलेल्या पत्रातून मुद्दा २ (ब) गाळला होता म्हणून.

चित्रकारही त्यांच्या तावडीतून सुटत नाही. एफएमवरच्या लेखाला त्याने एक मनोरा काढला होता आणि मनोऱ्यापासून निघणारी, नागमोडी, निळी लाट. देखणी होती. काकांनी ती लाट पट्टीने मोजली. एका शिखरापासून दुसऱ्यापर्यंत ११ मिलिमीटर भरली. ‘याचा अर्थ आपले एफएम केंद्र सत्तावीस गिगाहर्ट्झवर चालते. हा पट्टा सरकारने २०२२ मध्ये ५-जीसाठी लिलावात काढला असून तो विविध भारतीसाठी नाही. एफएमची लाट तीन मीटर लांब असते. ती आपल्या पानात मावणार नाही, हे मला समजते, परंतु तशी तळटीप हवी होती.’ चित्रकाराने त्या दिवसापासून लाटा सोडल्या आणि तो आता वैज्ञानिक लेखांना विचारमग्न मुलाचे चित्र काढतो. मुलाला तरंगलांबी नसते.

या पानावर काका एकटे नसतात, हेही सांगितले पाहिजे. मार्कोनीचे नाव छापले की जगदीशचंद्र बोसांचे कैवारी उठतात. त्यांचे म्हणणे पोकळ नाही: मार्कोनीने १९०१ मध्ये अटलांटिकपार संदेश झेलला त्याच्या काही वर्षे आधीच बोसांनी कोलकात्यात मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण केल्या होत्या, तारेविना घंटा वाजवली होती, दारू उडवून दाखवली होती. पण पत्रात एवढे कधीच नसते. पत्रात ‘नोबेल चोरले’ असते. १९०९ चे ते नोबेल मार्कोनीला ब्राउनबरोबर वाटून मिळाले होते. ब्राउनवर मात्र कुणी राग धरत नाही, कारण ब्राउनची कुणाला आठवणच नसते. काकांचा या वादातला शेरा एका ओळीचा आहे: ‘एकाचे काम मिलिमीटरांत, दुसऱ्याचे शेकडो मीटरांत; यांची शर्यत लावणाऱ्यांनी आधी पट्टी घ्यावी.’ दोन्ही पक्ष त्यांच्यावर नाराज आहेत.

हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम, यांची पत्रे गोड असतात. ते आपापसांतल्या रिवाजाप्रमाणे ‘कळावे’च्या जागी ‘७३’ लिहितात. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ शुभेच्छा. आमच्या मुद्रितशोधकाने ते वय समजून एका तरुण हॅमच्या नावापुढे ‘वय वर्षे ७३’ छापले. त्याच्यासाठी त्या वेळी स्थळे बघत होते. तिसरी जात टॉवरवाल्यांची. सोसायटीच्या गच्चीवर टॉवर आला की यांना लेख आठवतो. रेडिओलहरींना २०११ साली ‘कदाचित कर्कजनक’ या गटात घातले, एवढे त्यांनी वाचलेले असते. त्याच गटात आशियाई धर्तीच्या खारवलेल्या भाज्याही आहेत, हे सांगितले की ते लोणच्याची बाटली लांब सारतात, पण मोबाइल खिशातच ठेवतात.

खोडदच्या लेखाने मात्र काका खरोखर दुखावले गेले. नारायणगावजवळची ती महाकाय रेडिओ दुर्बीण हा त्यांचा हळवा कोपरा. विज्ञानदिनाला तिथे शाळांच्या सहलींची झुंबड उडते, त्या गर्दीतही ते जातात, आणि ती उभारणाऱ्या गोविंद स्वरूपांचे नाव ‘डॉ.’ लावल्याशिवाय घेत नाहीत. आमच्या लेखासोबत छायाचित्र गेले ते आर्वीच्या उपग्रह केंद्राच्या तबकडीचे. आर्वीही त्याच भागात, तबकडीही तशीच अवाढव्य. फोटो शोधणाऱ्याला तेवढे पुरले. या वेळी पत्रात करमणूक झाल्याचे वाक्य नव्हते. ‘आर्वीचे केंद्र १९७१ चे. ते उपग्रहाशी बोलण्यासाठी बांधले. खोडदची दुर्बीण कुणाशी बोलत नाही, ती फक्त ऐकते. तिथे एक नव्हे, तीस तबकड्या आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाची, आणि त्या तारेच्या जाळीच्या आहेत. खाली उभे राहिले की आरपार आभाळ दिसते. आपल्या फोटोतून आभाळ दिसत नाही.’

मी त्यांना फोन करून विचारले, “काका, जाळीतून आभाळ दिसते तर लहरीही आरपार जात नाहीत का?” हा प्रश्न त्यांना वर्षानुवर्षे कुणी विचारला नसावा. आवाजच बदलला. “अहो, भोक किती, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर. लहर एकवीस सेंटिमीटर आणि त्याहून लांब. तिला ती जाळी म्हणजे पत्राच. तुमच्या घरी मायक्रोवेव्ह आहे का? त्याच्या दाराला आतून जाळी असते बघा. प्रकाश बाहेर येतो म्हणून चहा दिसतो, लहर येत नाही म्हणून तुम्ही भाजत नाही. बरं झालं विषय निघाला, त्या ओव्हनच्या लेखाबद्दल मला तुमच्याशी बोलायचंच होतं.”

ओव्हनचा लेख. त्यात लेखकाने लिहिले होते की २.४५ गिगाहर्ट्झला पाण्याचा रेणू अनुनादाने थरथरतो म्हणून अन्न शिजते. सगळेच तसे लिहितात. काकांच्या मते हे गेल्या पन्नास वर्षांतले सर्वांत दणकट असत्य आहे. साध्या तापमानाचे पाणी या लहरी सर्वाधिक गिळते ते वीस गिगाहर्ट्झच्या आसपास. ओव्हन त्याच्या कितीतरी खाली चालतो, आणि ते बरेच आहे. “वीसवर चालवला असता तर बटाट्याचं साल करपलं असतं आणि गाभा कच्चा राहिला असता. कळतंय का?” ओव्हनचा शोध अमेरिकेत रडारच्या मॅग्नेट्रॉनपाशी उभ्या असलेल्या पर्सी स्पेन्सरच्या खिशातली वडी वितळून लागला, असे सांगतात. आमच्या लेखात ती चॉकलेटची होती. काकांनी कुठेसे वाचले होते की ती शेंगदाण्याची होती. यावर त्यांनी निळी खूण करावी की लाल, हे न ठरून दोन्ही केल्या होत्या.

तेव्हा मी म्हणालो, “काका, तुम्हीच का लिहीत नाही?”

पहिल्यांदा ‘छे’ झाले. मग ‘लिहिणाऱ्यांनी लिहावं, आम्ही वाचू’ झाले. मग काकूंनी आतून काहीतरी म्हटले, आणि लेख आला. विषय: पापडावरून प्रकाशाचा वेग. ओव्हनमधली फिरती काचेची थाळी काढायची, खालच्या फिरकीवर उलटी ताटली झाकायची आणि तिच्यावर कच्चे उडदाचे पापड पसरायचे. पापड फिरत नाहीत, त्यामुळे सगळीकडे सारखे भाजत नाहीत. जिथे लहर जोरात असते तिथेच पांढरे, फुगलेले ठिपके उमटतात. शेजारच्या दोन ठिपक्यांतले अंतर म्हणजे अर्धी लहर. दुप्पट करायचे, ओव्हनच्या मागे पट्टीवर छापलेल्या २,४५० मेगाहर्ट्झने गुणायचे, प्रकाशाचा वेग हातात. अंतर सव्वासहा सेंटिमीटरच्या थोडे अलीकडे यायला हवे. काकांना ६.३ आले. त्यांनी ६.३ च लिहिले. लॉगबुकात मीटर दाखवेल तेच लिहायचे असते.

मी मराठीत वाचलेल्या विज्ञानलेखांत तो सर्वांत सरळ लेख होता. एकही विशेषण नाही. आम्ही तो जसाच्या तसा छापला, चित्रात लाट न काढता.

पत्रे भरपूर आली. एका बाईंनी लिहिले, पापड मायक्रोवेव्हमध्ये घालण्यापूर्वी दोन्ही बाजूंना तेलाचे बोट फिरवावे. एकाने विचारले, पोह्याचे पापड चालतील का. बुलढाण्याहून एका आजोबांनी ज्वारीच्या पापडांची कृती सविस्तर पाठवली. सांगलीचे पत्र अर्थातच होते: ‘पापडखार’ हा जोडशब्द आहे, तोडून लिहू नये.

काकांनी फोनवर सगळी पत्रे शांतपणे ऐकून घेतली. मग विचारले, “आकडा कुणी बघितला?”

“कुठला?”

“अहो, ६.३ वरून वेग सेकंदाला तीन लाख आठ हजार सातशे किलोमीटर येतो. खऱ्यापेक्षा जवळजवळ नऊ हजारांनी जास्त. मी लेखात उत्तर स्वच्छ लिहिलंय, कारण मुद्दाम दिलेलं नाही. पापडावर प्रकाश आइनस्टाइनला मागे टाकून पळतोय, आणि महाराष्ट्रातनं एक माणूस विचारत नाही, का हो काका, एवढं कसं चुकलं?”

एवढी वर्षे दुसऱ्याच्या आकड्यांखाली खुणा करणाऱ्या या माणसाला आपल्या आकड्याखाली कुणाची तरी खूण हवी होती, आणि ती आम्ही कुणीच दिली नाही. मी कारण विचारले, तर म्हणाले, “आता नाही सांगणार. शोधा.”

तेव्हा वाचकहो, ज्यांच्या घरी मायक्रोवेव्ह आहे त्यांनी वरची कृती करून पाहावी. पापड करपायच्या आत ओव्हन बंद करावा, अंतर एका ठिपक्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजावे आणि मिलिमीटरांत कळवावे; काकांचा आकडा कुठे घसरला असेल, याबद्दलचा तर्कही लिहावा. पत्र ‘मेगाहर्ट्झकाका’ या नावाने मासिकाच्या पत्त्यावर टाकले तरी पोचते. पापड कुठले होते, हे कृपया लिहू नये.