लॉकभाऊ

लॉकभाऊनं आजवर ‘कौन बनेगा करोडपती’त किती कोटी जिंकले, याची नोंद मोताळ्यातल्या एकाही बँकेत नाही. पण बसस्टँडाजवळच्या हॉटेलात रात्री नऊला टीव्हीसमोर बसणाऱ्या कोणालाही विचारा, आकडा सांगेल. बच्चनसाहेबांचा प्रश्न पुरता व्हायच्या आत हा बाकावरून ‘सी! सी लॉक कर!’ म्हणून मोकळा होतो. तिकडे हॉट सीटवरचा माणूस घाम पुसत, पाणी पीत, आईचं स्मरण करत विचारात पडलेला असतो आणि इकडे लॉकभाऊ त्याची कीव करत आलुबोंडा मोडत असतो. उत्तर ‘सी’ निघालं की हॉटेलभर नजर फिरवतो. ‘बी’ निघालं तर म्हणतो, “मी बीच म्हनलं होतं. तुमच्या कानाचा प्रॉब्लेम हाये.”

लॉकभाऊ हा काही एकटादुकटा माणूस नव्हे. धामणगाव बढ्यात एक आहे, पिंपळगाव देवीला एक, राजूरला दोन आहेत आणि त्या दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. मोताळा तालुक्याचं ठिकाण पडलं, म्हणून इथला जरा वरच्या पायरीचा समजतात, एवढंच. वय पंचेचाळीसच्या आसपास, घरची बऱ्यापैकी शेती, जुनं डी.एड. आणि त्या डी.एड.चा कुठेही न झालेला उपयोग. तलाठी भरती, ग्रामसेवक भरती, पोलीस भरती, एमपीएससी, सगळ्या परीक्षा देऊन झाल्या. नोकरी राहिली, पण ज्ञान राहून गेलं. घरात गाइडांचा ढीग आणि डोक्यात पंचायत समितीच्या सभापतीचा कार्यकाळ, जगातलं सर्वांत खोल सरोवर, पानिपतच्या तिन्ही लढायांची सालं. या मालाला गिऱ्हाईक कोण? वयोमर्यादा उलटल्यावर ज्या परीक्षेला बसता येतं अशी ही एकच परीक्षा उरते. तिला जागांची जाहिरात लागत नाही, आरक्षणाचा वाद नाही, पेपर फुटत नाही आणि निकाल त्याच रात्री लागतो.

हे वेड जुनं आहे. 3 जुलै 2000 ला कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा लॉकभाऊ कॉलेजात होता आणि मोबाईल गावात कोणाकडेच नव्हता. एसटीडी बूथवर रांग लावून लोक फोन फिरवायचे. लाईन लागायची नाही, लागली तर पोचायच्या आत तुटायची आणि बूथवाल्याचं मीटर मात्र कधी तुटायचं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईच्या हर्षवर्धन नवाथेंनी पहिला कोटी जिंकला. मराठी आडनाव, तेही स्पर्धा परीक्षेची तयारी करणारं पोरगं! लॉकभाऊनं त्या दिवशी जे ठरवलं त्यावर तो आजही कायम आहे. 2007 मध्ये बच्चनसाहेबांच्या खुर्चीवर शाहरुख खान आला, ते वर्ष त्यानं निषेध म्हणून सोडून दिलं. या निषेधाची वार्ता मुंबईपर्यंत पोचली नसावी.

त्याची वही पाहण्यासारखी आहे. कृषी केंद्राच्या फुकट डायरीत अभ्यासाचा मजकूर, वरच्या कोपऱ्यात तणनाशकाची जाहिरात. ग्रहांच्या पानावर प्लूटो 2006 पासून खोडलेला. राज्यांच्या पानावर जम्मू-काश्मीर एका रकान्यातून उचलून दुसऱ्यात नेलेलं. जिल्ह्यांच्या पानावर औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर या तिघांवर रेघोट्या आणि बाजूला नवी नावं. सगळ्यांत हाल झालेलं पान मुख्यमंत्र्यांचं. 2019 च्या नोव्हेंबरात एका भल्या सकाळी त्यानं शपथविधी टीव्हीवर पाहून लगेच बॉलपेननं नोंद केली आणि चौथ्या दिवशी सरकारच गेलं. तेव्हापासून ते पान तो पेन्सिलीनं लिहितो. माझ्या मते महाराष्ट्राच्या राजकारणावर एवढं नेमकं भाष्य कोणत्याही संपादकानं केलेलं नाही.

आता त्याच्या ज्ञानाची एक अडचण. ते चार पर्याय दिल्याशिवाय बाहेर पडत नाही. बुर्किना फासोची राजधानी विचारली तर तो म्हणतो, “ऑप्शन सांग.” ऑप्शन सांगितले की बाण सुटावा तसं उत्तर येतं. मागे कपाशीवर बोंडअळी आली तेव्हा एका शेजाऱ्यानं विचारलं, “भाऊ, काय फवारू?” यानं सवयीनं पर्याय मागितले. शेजारी म्हणाला, “पर्याय कृषी केंद्रवाला सांगते. उत्तरही थोच सांगते. अन् पैसेही थोच घेते. तुह्या पाशी कायले आलो असतो मंग?”

आणि गावाजवळचं विचारलं की भाऊ हमखास अडतो. लोणार, सिंदखेड राजा, शेगाव हे तो झोपेतही सांगेल, कारण ते गाइडात आहे. पण आपल्याच तालुक्यात रोहिणखेडला निजामशाहीच्या गादीसाठी सोळाव्या शतकात लढाई झाली आणि तिथे जमालखान पडला, हे निवृत्त गुरुजींनी सांगितलं तेव्हा तो दुखावल्यासारखा झाला. म्हणाला, “हे परीक्षेत येत नाही गुरुजी.” नळगंगेचं मात्र त्याला कौतुक आहे, कारण ती आता परीक्षेत येऊ लागलीय. वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्प, गोसीखुर्दचं पाणी चारशेहून अधिक किलोमीटर कालव्यानं थेट आपल्या धरणात! लांबी, खर्च, कालव्यावरचे जिल्हे, त्याला सगळं पाठ आहे. हॉटेलवाल्यानं एकदा गॅस बारीक करत विचारलं, “मंग पानी कधी येते भाऊ?” लॉकभाऊ म्हणाला, “या प्रश्नाले फोन अ फ्रेंड लागीन.”

फोन अ फ्रेंड! या एका लाईफलाईननं मोताळ्यात जेवढी भांडणं लावली तेवढी नगरपंचायतीच्या निवडणुकीनंही लावली नसतील. मित्रांची नावं आगाऊ द्यायची म्हटल्यावर लॉकभाऊनं यादी केली. निवृत्त गुरुजी पहिले. ज्ञान अफाट, पण फोन उचलला की आधी तीनदा “कोन बोलते?” विचारतात. दुसरा पुण्याच्या अभ्यासिकेत एमपीएससी करणारा भाचा. त्याला सगळं येतं, पण त्याचा फोन अभ्यासिकेच्या नियमानं कायम सायलेंटवर. तिसरा एक वकील. उत्तर बरोबर देईल, पण तारीख घेऊन. ही यादी घरात वाचून दाखवली तेव्हा वहिनी शांतपणे म्हणाल्या, “अन् माह्या भाऊ?” साळ्याला जगातलं काही विचारलं तरी तो “असंन” म्हणतो. पण यादीत आता त्याचं नाव पहिलं आहे. वकिलाचं गेलं आणि वकिलानं बोलणं टाकलं.

शिवाय वेळ मिळायचा तीस सेकंद. आमच्या वऱ्हाडात तीस सेकंदांत माणूस फोनवर मुद्द्याला हातही लावत नाही. रामराम, जेवण, पाणी पडलं का, बैलाचा पाय कसा आहे, एवढं तरी विचारावं लागतं. नाहीतर लोक म्हणतात, टीव्हीवर गेला अन् माजला. हॉटेलात रंगीत तालीम झाली. लॉकभाऊनं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर साळ्याला फोन लावला. साळा म्हणाला, “हां बोला दाजी, कुठी हाये?” दाजी समोरच होते. घड्याळ संपलं तेव्हा दोघं ‘सोयाबीनला काय भाव लागला’ इथपर्यंत आले होते.

ऑडियन्स पोलवर त्याचा विश्वास नाही, आणि मोताळ्यात राहणाऱ्या माणसाचा कधी बसूही नये. इथे पाच माणसं बसली की त्यांचे दोन गट असतात. एका गटानं ‘ए’ म्हटलं की प्रश्न न ऐकता दुसरा ‘डी’ म्हणतो.

हिंदीची भीती होती. “सर, हमारे इधर पानी पडा के लाईन जाती” हे वाक्य त्यानं घोटून ठेवलं होतं. 2013 ला मराठीत ‘कोण होईल मराठी करोडपती’ आलं, सचिन खेडेकर मराठीत विचारू लागले, तेव्हा ती भीती गेली. 2019 ला नागराज मंजुळे त्या खुर्चीवर आले, तेव्हा तर हा म्हणाला, आता आपलाच माणूस आला. फोन मात्र आला नाही. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी होते. दुसऱ्या दिवशी पाऊस, पीक, देशाचा राजा सगळं निघतं. लॉकभाऊ एकदा खास त्यासाठी जाऊन आला. मुगाचं निघालं, गव्हाचं निघालं, याच्या फोनचं तेवढं निघालं नाही.

त्याच 2019 सालानं खरा घाव घातला. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे, शाळेत पोरांसाठी खिचडी शिजवणाऱ्या, महिना दीड हजार रुपये मानधनावर, हिंदी केबीसीत कोटी जिंकून आल्या. वऱ्हाडातली बाई! साऱ्या मुलखाला आनंद झाला. लॉकभाऊलाही झाला, त्यानं हॉटेलात पेढे वाटले. पण रात्री त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली. प्रश्नांची उत्तरं देणं हे अर्धंच काम आहे. उरलेलं अर्धं म्हणजे मधली फिल्म: घर, चूल, कष्ट, आई-बाप, वाजणारी सनई. त्या बाईंकडे सांगण्यासारखं खरं होतं. आपल्याकडे काय आहे?

तो दुःख शोधायला लागला. नोकरी लागली नाही हे दुःख होतं, पण ते तालुक्यातल्या घराघरात आहे, त्याला कोण विचारतं? माळवदाचं जुनं घर मागल्याच वर्षी पाडून स्लॅब टाकला होता, ते आता फार लवकर केलं असं वाटू लागलं. विहिरीला पाणी. ट्रॅक्टरचे हप्ते फिटलेले. “लहानपणी बाबांचं छत्र...” एवढं तो आरशासमोर म्हणाला आणि मागून आवाज आला, “मी जित्ता हावो न बे अजून! कायले रडतं?”

शेवटी त्यानं पैशांचं काय करणार या प्रश्नावर भर द्यायचं ठरवलं. एक कोटीचं वाटप झालं. मंदिराचा सभामंडप, पोरीचं शिक्षण, साळ्याला गाडी (हे वहिनींनी लिहिलं), अभ्यासिकेला पुस्तकं, ठिबक. वकिलानं बोलणं टाकलं होतं तरी तेवढ्यापुरतं त्यानं तोंड उघडलं. म्हणाला, असल्या बक्षिसावर सरळ तीस टक्के इन्कम टॅक्स, वर अधिभार, वर उपकर, आणि हाती देण्याआधीच कापून घेतात. शेतीच्या उत्पन्नावर जन्मात टॅक्स न भरलेल्या माणसाला हे ऐकून चहा गोड लागेना. सभामंडप पुरा गेला. ठिबक अर्ध्यावर आलं. साळ्याची गाडी तेवढी जागच्या जागी राहिली.

आणि मग एका दुपारी फोन आला. अनोळखी नंबर, पलीकडे हिंदी, “केबीसी से बोल रहे हैं.” लॉकभाऊ ताडकन उभा राहिला. हॉटेलवाल्यानं टीव्हीचा आवाज बंद केला. आपकी पच्चीस लाख की लॉटरी लगी है, फक्त आठ हजार प्रोसेसिंग फी भरा, म्हणाला पलीकडचा. अशा फोनांपायी भल्याभल्यांचे पैसे बुडालेत. आम्ही खुणा करत होतो, ठेव म्हणून. लॉकभाऊनं हात वर करून आम्हाला गप्प केलं.

“लॉटरी कैसे लगी?” तो म्हणाला. “केबीसी में लॉटरी रहती नहीं. पहले सवाल पूछो.”

पलीकडचा गोंधळला. सवाल की जरूरत नहीं, म्हणाला. लॉकभाऊ ऐकेना. सवालाशिवाय पैसा घेणार नाही, आमच्या घराण्यात नाही घेत. बराच वेळ ओढाताण झाल्यावर त्या बिचाऱ्यानं विचारलं, “भारत की राजधानी क्या है?”

“ये हजार रुपये का सवाल है!” लॉकभाऊ कडाडला. “पच्चीस लाख देते, तो पच्चीस लाख का पूछो. और ऑप्शन कहाँ है?”

फोन कट झाला. लॉकभाऊनं स्वतः परत लावला. पुन्हा कट. तिसऱ्यांदा नंबर बंद लागला. तो बाकावर बसला, आलुबोंड्याची बशी पुढे ओढली आणि आम्हाला म्हणाला, “लेकाच्याले चार पर्याय देता येत नाही, अन् चालला लोकायले फसवाले!”