सेल्फ, धूर आणि स्पिती

डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागत नाही, ही गोष्ट मामा पुण्यापासून भेटेल त्याला सांगत आला होता. नारकंड्याच्या चहावाल्याला सांगितली, रामपूरच्या पंपावरच्या पोराला सांगितली. ताबोचा मठ इ. स. ९९६ मधला; तिथल्या एका म्हाताऱ्या लामांनाही त्यानं ती आपल्या हिंदीत सांगितली. ते हसून मान डोलवत राहिले आणि मामानं त्याचा अर्थ "पटलं त्यांना" असा लावला. नुसती हवा वीस-बावीसपट दाबायची. ती स्वतःच इतकी तापते की वर डिझेलचा फवारा मारला रे मारला की भडका! रुडॉल्फ डिझेलनं पेटंटसाठी अर्ज केला तो १८९२ साली. "ना स्पार्क प्लग, ना डिस्ट्रिब्युटर, ना कटकट," असं म्हणून मामा जीपच्या बोनेटवर थाप मारायचा.

काझ्यातल्या पहिल्या सकाळी त्याच बोनेटवर पडलेली थाप जरा वेगळी होती.

काझा साडेतीन हजार मीटरच्याही वर. ऑक्टोबरात तिथं रात्री पारा शून्याखाली जातो, बादलीतल्या पाण्यावर साय धरल्यासारखा बर्फ येतो आणि पाणी अठ्ठ्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळत असल्यानं चहा कितीही उकळला तरी पुण्यासारखा होत नाही. (हे मामीचं मत. शास्त्र तिच्या बाजूनं आहे.) अशा सकाळी मामानं कानटोपी सारखी केली, देवाचं नाव घेतलं आणि सेल्फ मारला. घर्र-घर्र-घर्र. थांबला. पुन्हा घर्र-घर्र. गेस्ट हाउसच्या खिडक्या एकेक करून उघडल्या. परमुलखात बंद गाडीइतकं लवकर ओळख करून देणारं दुसरं काही नाही.

मग घरच्यांचं निदान सुरू झालं. मामा बँकेतून निवृत्त झालेला, त्यामुळे त्याचा संशय नुकतीच वॉरंटी संपलेल्या बॅटरीवर. "हे लोक तारीख बघूनच माल बनवतात." दाजी रासायनिक कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर, त्यांच्या मते डिझेलच गोठलं होतं. डिझेलमध्ये मेण असतं, थंडीत ते सुटं होऊन फिल्टरमध्ये अडकतं, म्हणून तर लडाखसाठी इंडियन ऑइलनं २०१९ साली उणे तेहतीस अंशांपर्यंत वाहणारं वेगळं डिझेल काढलं, इथपर्यंत त्यांचं व्याख्यान उत्तम झालं. ताईच्या मुलानं मोबाइलला रेंज येईल तेवढ्यात शोधून काढलं की हवेच्या नळीत ईथरचा फवारा मारतात. वरच्या मजल्यावरून एका बंगाली गृहस्थांनी चोक ओढून बघायला सांगितलं. डिझेल गाडीला चोक नसतो हे त्यांना समजावण्यात मामाची आणखी दहा मिनिटं गेली, पण ती मजेत गेली.

मामी मात्र गाडीच्या मागं उभी होती. सरकारी दवाखान्यात वॉर्ड सांभाळण्यात तिची हयात गेलेली. "अहो, औषधं नंतर सुचवा. आधी पेशंटकडे कुणी बघाल का?" एवढं बोलून तिनं स्कार्फ नाकाला लावला. सायलेन्सरमधून पांढराफटक धूर येत होता. डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा.

तोवर शेजारच्या टेम्पो ट्रॅव्हलरचा ड्रायव्हर दात घासत येऊन उभा राहिला होता. आमची सगळी मतं त्यानं शांतपणे ऐकून घेतली, चूळ भरली आणि विचारलं, "धुआँ देखा किसी ने?"

मामीनं हात वर केला.

पुढचा तास तो आणि मामी यांनीच गाजवला. त्याचं शास्त्र सुटसुटीत होतं. आधी कान: सेल्फ जोमानं फिरतोय ना? मग बॅटरीला शिव्या देऊ नका. नंतर डोळे: धूर पांढरा, म्हणजे डिझेल आत पोचतंय, फवारतंय, पण पेटत नाही. काळा असता तर जळतंय पण हवा कमी पडते. आणि धूरच नसता तर डिझेल आलेलंच नाही. म्हणजे दाजींचं मेण बाद. फिल्टर तुंबला असता तर एवढा धूर आला कुठून? दाजींनी तरी काडी टाकीत बुडवून डिझेल उजेडात धरून पाहिलं. स्वच्छ होतं. ते थोडे हिरमुसले.

ईथरला ड्रायव्हरनं साफ नकार दिला. ज्या इंजिनात हीटर प्लग आहेत तिथं हा फवारा नको. प्लग तापलेला असला तर भडका वेळेआधी उडतो आणि पिस्टनचं नुकसान होतं. पोराचा मोबाइल खिशात गेला.

"हीटर तर लागतोय," मामा डॅशबोर्डवरच्या पिवळ्या दिव्याकडे बोट दाखवत म्हणाला. इथंच ग्यानबाची मेख होती. तो दिवा लागतो म्हणजे प्लगकडे करंट सोडायचा हुकूम निघाला, एवढंच. तो प्लगपर्यंत पोचला का आणि प्लगनं तो मानला का, हे दिव्याला ठाऊक नसतं. बँकेत जन्म गेलेल्या मामाला हे एका वाक्यात कळलं.

मामाचं व्याख्यान ठिणगी लागत नाही इथं संपायचं. पण आमच्यासारख्या जुन्या इंजिनात डिझेल थेट पिस्टनवर न पडता डोक्यातल्या एका छोट्या कोठडीत फवारतात. रात्रभर गारठलेलं तिचं लोखंड दाबलेल्या हवेची ऊब गिळून टाकतं, त्यात इथली हवा आधीच विरळ. म्हणून सिलिंडरमागे एक हीटर प्लग. त्याचं टोक लालभडक होतं, त्यावर फवारा पेटतो आणि एकदा इंजिन चाललं की प्लगचं काम संपतं.

ड्रायव्हरनं चारही प्लगना जोडणारी पट्टी छोट्या पान्यानं सोडवली. एका बल्बला दोन वायरी. एक बॅटरीच्या प्लसला, दुसरी प्लगच्या डोक्याला. प्लग जिवंत असेल तर त्यातून करंट जाऊन बल्ब लागणार. पहिला: अंधार. दुसरा: अंधार. तिसरा: लागला! "चला," मामा म्हणाला. चौथा: अंधार.

चारातले तीन गेलेले. मामाच्या डिकीतल्या पेटीत फॅन बेल्ट होते, वॉटर पंप होता, गणपतीच्या आरतीचं पुस्तक होतं. हीटर प्लग नव्हते. ज्याला ठिणगीच लागत नाही त्याला प्लग कशाला?

ऊन बोनेटवर आलं तशी जीप आधी दोन सिलिंडरवर लंगडत, मग तिसऱ्यावर आणि सगळ्यात शेवटी चौथ्यावर सुरू झाली. काझ्यातल्या मेकॅनिकनं पत्र्याच्या डब्यातून तशाच इंजिनाचे दोन जुने प्लग शोधून काढले, बल्बवर तपासले आणि बसवले. चारात तीन. प्लगना पुरेसा वेळ तापू द्या, म्हणाला. किती वेळ, यावर मामा आणि दाजींचं जमेना, तेव्हा मामीनं मारुतीस्तोत्राची पहिली चार कडवी हे माप ठरवून टाकलं. मामानं घाई केली तर मागच्या सीटवरून "अजून एक राहिलंय" असं ऐकू यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्तोत्र झालं, सेल्फ मारला, गाडी टण्णकन सुरू झाली. टाळ्या पडल्या. अर्ध्या मिनिटात बंद. पुन्हा सेल्फ, या खेपेला धूरच नाही. आता मामीला ड्रायव्हरची गरज नव्हती. "डिझेल येत नाहीये," ती म्हणाली, आणि दाजींनी मोठ्या आशेनं टाकीकडे पाहिलं.

मेण नव्हतंच, हवा होती. फिल्टरजवळचा रबरी पाइप वर्षानुवर्षं तापून कडक झालेला. थंडीनं आणखी आक्रसला आणि क्लॅम्पपाशी रात्रभर हळूहळू हवा ओढत राहिला. तेवढं डिझेल मागं टाकीकडे उतरलं. पंपात उरलेल्या घोटभर डिझेलवर गाडी चालली नि थांबली. अशा पाइपातून डिझेल गळेलच असं नाही, त्यामुळे खाली डाग शोधून काही हाती लागत नाही. मेकॅनिकनं मध्ये पारदर्शक नळीचा तुकडा जोडला, मामाला फिल्टरवरचा हँड प्रायमर दाबायला लावला आणि आम्ही सगळे गुडघ्यांवर बसून सलाइनच्या नळीकडे बघावं तसे बुडबुडे बघत राहिलो. एअर काढली, पाइपचं टोक कापून क्लॅम्प नव्यानं आवळला, आणि एक सल्ला मिळाला: पाइप बदलेपर्यंत गाडी रात्री नाक उतारावर करून लावा. टाकी वर राहते, डिझेल मागं जात नाही, आणि वेळ आलीच तर धक्का स्टार्टही होते.

हा सल्ला मामानं नको तितका मनावर घेतला. पुढं प्रत्येक मुक्कामी आम्ही गरम पाण्याची चौकशी करायचो आणि मामा उताराची. एका ठिकाणी खोल्या उबदार, जेवण फक्कड, बुखारी पेटलेली. पण अंगण सपाट. मामानं सामान उतरू दिलं नाही. शेवटी जिथं राहिलो तिथं उतार इतका छान होता की पलंगावरून ताई दोनदा घसरली.

हिक्कीमचं पोस्ट ऑफिस चार हजार चारशे मीटरच्या आसपास आहे. तिथून लोक प्रेमपत्रं पाठवतात. मामानं पोस्टकार्ड लिहिलं ते पुण्यातल्या आपल्या गॅरेजवाल्याला: चारपैकी तीन हीटर प्लग मेलेले निघाले, रबरी पाइप कडक, सर्व्हिसिंग करताना तुमचं लक्ष कुठं असतं, कळावे. जागा उरली म्हणून कडेला "हवा छान आहे" असंही लिहिलं.

कार्ड आमच्या मागोमाग पुण्यात पोचलं. मामा गॅरेजात गेला तेव्हा ते कॅलेंडरशेजारी चिकटवलेलं होतं.

"तीन गेलेत हे मला तीन वर्षांपासून माहीत आहे," गॅरेजवाला म्हणाला. "पुण्यात कुठं एवढी थंडी, साहेब? एकावर भागतंय की!"