अमृतसर जवळ, लातूर लांब

नकाशावर फूटपट्टी धरली तर नांदेडहून लातूर सव्वाशे किलोमीटरही भरत नाही आणि अमृतसर भरतं चौदाशे. म्हणजे लातूर शेजारी आणि अमृतसर परमुलूख, असं कुणीही शाळकरी पोर सांगेल. फूटपट्टी एस.टी.त बसत नाही, हा तिचा फायदा. डिसेंबर 2017 मध्ये नांदेडहून अमृतसरला थेट विमान सुरू झालं, तेव्हा हवेतला वेळ अडीच तासांच्या आतबाहेर होता. लाल परी लोहा, माळेगाव, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर करत लातूरला टेकायला तीन तास तरी घेते; आणि मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाची जत्रा भरलेली असली तर घोडे, गाढवं आणि उंट यांचा मान आधी. तेव्हा अंतर किलोमीटरांत सांगणं आता सोडावं आणि तासांत सांगावं. ‘हाकेच्या अंतरावर’ म्हणणाऱ्यांनी तरी कुठे टेप लावली होती?

यावर कुणी म्हणेल, हा हिशेब लबाडीचा आहे. विमानतळावर दोन तास आधी जा, कमरेचा पट्टा काढा, ते कोण धरणार? धरू की. पण मग स्टँडवर ‘लातूर लागली का?’ विचारत काढलेला वेळही धरावा लागेल. खरा आक्षेप वेगळाच आहे: एस.टी. हुकली तर मागून दुसरी येते, विमान हुकलं तर दिवस गेला. हे मान्य. म्हणून अंतरात वाट पाहणंही मोजलं पाहिजे, आणि तसं मोजलं की भूगोल आणखीच बिघडतो. धावपट्टी लातूरलाही आहे, पण नुसत्या धावपट्टीवर बसून कुणी उडत नाही. नांदेडला येऊन विमान धरणाऱ्या लातूरकराचं अमृतसर नांदेडकराच्या अमृतसरापेक्षा एका एस.टी.ने लांब पडायचं. (महसूल आयुक्तालय कुणाकडे, या वादाने दोन गावांत पडलेलं अंतर निराळं, त्याला अजून एकक सापडलेलं नाही.) रेल्वेने जावं तर पूर्णा, परभणी, परळी अशी प्रदक्षिणा, आणि मग येतं लातूर रोड. नवखा पाहुणा नाव वाचून पिशवीसकट उतरतो. लातूर तिथून तीसेक किलोमीटर.

आता कुणी नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस पुढे करील. दोन हजारांच्या आसपास किलोमीटर आणि जवळजवळ दीड दिवस. तासांच्या मापाने अमृतसर पुन्हा लांब गेलं ना? गेलं असतं, पण वाटेतल्या स्टेशनांवर लंगर असतो. गाडी थांबते, खिडक्यांतून डबे, ताटल्या, एखादं पातेलं बाहेर येतं, सेवेकरी गरम कढी-भात वाढत पुढे सरकतात, आणि त्या गाडीत किती वाजले हे कुणी कुणाला विचारत नाही. अहमदपूरला मात्र ‘दहा मिनिटं थांबेल’ म्हणून उतरलेले कंडक्टर समोरच्या टपरीवर बशीत चहा ओतताना दिसत असतात, आणि अख्खी गाडी त्या बशीकडे बघत असते.