नाव एक, कागद चार

लग्नात मुलीचं पहिलं नाव बदलायची प्रथा निदान कागदापुरती तरी बंद करा. तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहायचं असेल तर खुशाल लिहा, घरात त्याच नावानं हाक मारा, पेढे वाटा. पण तिच्या आधार कार्डाला हात लावू नका. तुमची हौस पाच मिनिटांत फिटते आणि तिचं ड्रायव्हिंग लायसन पुढची दहा वर्षं अडकून बसतं.

हैदराबादच्या गौलीगुड्यात सकाळी आठ वाजता उभं राहून बघा. पुढे दप्तर, मागे मूल, हँडलला डब्याची पिशवी अशा किती सुना स्कूटीवरून पुतळीबावलीकडे निघतात. गाडी झकास चालवतात. लायसनचं विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘काढायचंय हो, पण आमच्या कागदांचा घोळ आहे.’ हा घोळ त्यांनी घातलेला नाही. माहेर आणि सासर दोघांनी मिळून घातला आणि निस्तरायला तिच्या गळ्यात टाकला.

घोळ कसा होतो ते जवळून पाहू. समजा माहेर नांदेडचं. जन्म दाखला तिकडच्या पालिकेचा, मराठीत. शाळेत नाव अनघा दत्तात्रय कुलकर्णी. लग्न होऊन गौलीगुड्यात आली आणि झाली मुग्धा श्रीपाद जोशी. सासऱ्यांनी उत्साहानं आधार बदलून घेतलं. पॅन कार्ड मात्र अजून माहेरच्या नावाचं, कारण त्याची आठवण कुणाला झाली नाही. मतदारयादीत ‘जोशी मुग्धा’, बँकेत ‘मुग्धा एस. जोशी’. आता लायसनसाठी वयाचा पुरावा हवा आणि पत्त्याचा पुरावा हवा. वय सांगणारा दाखला अनघाचा, पत्ता सांगणारं आधार मुग्धाचं. खिडकीतल्या कारकुनाला समोर दोन बायका दिसतात आणि त्याचं काही चुकत नाही.

आडनाव बदललं तर विवाह नोंदणीचा दाखला दोन्ही नावांना जोडतो. पहिलं नाव बदललं की तेवढ्यावर भागत नाही. शपथपत्र, वर्तमानपत्रातली जाहिरात, राजपत्रातली नोंद अशी वरात निघते. लग्नानंतर स्त्रीनं नाव बदललंच पाहिजे, असं या देशातला एकही कायदा म्हणत नाही. माहेरच्या नावाचं लायसन सासरच्या पत्त्यावर बिनदिक्कत मिळतं. हे सासूबाईंना कुणीतरी नीट बसून सांगायला हवं.

पुरुषांनी इथे हसू नये. त्यांच्या नावांचीही इथे कमी फरफट होत नाही. तेलुगू रिवाजात घराणं आधी आणि स्वतःचं नाव नंतर. आपल्या मराठी घरांत स्वतःचं, बापाचं, मग आडनाव. शाळेतल्या नोंदीत आपलं तीन मजली नाव दोन रकान्यांत कोंबलं जातं आणि बापाचं नाव आडनावाच्या जागी जाऊन बसतं. एसएससी मेमोवर, म्हणजे दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘देशपांडे राहुल’, आधारवर ‘राहुल वसंत’, पासपोर्टवर ‘राहुल वसंतराव देशपांडे’. त्यातला ‘राव’ कुठून आला, ते घरात कुणालाच सांगता येत नाही. १९५६च्या १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्याची वाटणी झाली, मराठवाडा तिकडे गेला आणि आपण इकडे राहिलो. तेव्हापासून आपली नावं दोन पद्धतींच्या मध्ये हेलपाटतायत, आणि घरटी एका माणसानं एक दुपार बसून ती जुळवली असं मात्र होत नाही.

जन्मतारखेची कथा वेगळी. मराठवाड्यातून आलेल्या जुन्या पिढीत अर्ध्या गावाचा जन्म १ जूनचा, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. त्याआधीच्या कागदांत तर निजामाच्या अमलातला फसली सन सापडतो, त्यात ५९० मिळवल्याशिवाय इसवी सन हाती लागत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. १ जून तर १ जून, पण मग सगळीकडे १ जूनच ठेवा. आजीला आठवलेली खरी तिथी वाढदिवसाला पाळा, अर्जात घुसवू नका.

आणि आधार म्हणजे जन्मतारखेचा पुरावा, हा समज डोक्यातून काढा. २४ ऑक्टोबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयानं अपघाताच्या भरपाईच्या एका खटल्यात वय ठरवताना आधार बाजूला ठेवलं आणि शाळा सोडल्याचा दाखला धरला. आधार हा ओळखीचा पुरावा, वयाचा नव्हे, असं आधार प्राधिकरणाचंच म्हणणं आहे. त्यातून आधारावरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. लग्नाच्या उत्साहात एक संधी खर्च, स्पेलिंग चुकलं म्हणून दुसरी खर्च, मग बसा अपवादासाठी अर्ज करत. आधी मेमो आणि जन्म दाखला समोर ठेवा, त्यावरचं एकेक अक्षर वाचा आणि मगच आधार केंद्राची पायरी चढा.

लहान बाळं असलेल्या घरांनी पुढचं लक्ष देऊन वाचावं. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ ऑक्टोबर २०२३पासून लागू आहे. त्या दिवशी आणि त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारीख आणि जन्मस्थळ यांचा पुरावा जन्म दाखला हाच, आणि ज्या कामांसाठी तो लागेल त्यांत ड्रायव्हिंग लायसन नावानिशी लिहिलेलं आहे. म्हणजे ही मुलं २०४१मध्ये अर्ज करतील तेव्हा मेमोनं भागणार नाही. आपल्याकडे बारसं होईपर्यंत नाव पक्कं नसतं, दवाखाना नोंद आधीच करून टाकतो आणि दाखल्यावर नावाचा रकाना रिकामाच राहतो. पुढे तो कुणी भरत नाही. नियमाप्रमाणे नाव १५ वर्षांच्या आत घालायचं असतं, पहिल्या १२ महिन्यांत तर विनाशुल्क. लायसनचं वय १८. मुलगा गाडीची किल्ली मागेल तेव्हा ती मुदत संपून गेलेली असेल. आज रात्री कपाट उघडा आणि तो रकाना बघा.

पत्त्याचं दुखणं या वस्तीचं खास. हैदराबादचा घर नंबर म्हणजे आडव्या रेघांनी जोडलेले तीन आकडे. भावाभावांत घर वाटलं की त्यापुढे तिरकी रेघ आणि ‘अ’, मग ‘अ-१’. एका कागदावर रेघ असते, दुसऱ्यावर गायब. विजेचं बिल अजून आजोबांच्या नावावर, आणि त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. बिल भरलं जातं म्हणून मीटरवरचं नाव बदलून घ्यायचा आळस. मग नातू भाड्याचा करार कुठून आणू म्हणून आपल्याच काकाकडे जातो.

कायदा स्वतः इतका कठोर नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला चौथा नियम वाचा. वय आणि पत्ता यांच्या पुराव्यासाठी मतदारयादी, आयुर्विमा पॉलिसी, पासपोर्ट, शाळेचा दाखला, जन्म दाखला अशी यादी त्यात आहे. सबळ कारणामुळे यातलं काहीच देता येत नसेल, तर दंडाधिकारी किंवा नोटरीसमोर केलेलं शपथपत्र स्वीकारायची मुभाही अधिकाऱ्याला आहे. आजोबांच्या आयुर्विमा पॉलिसीवर नातवाचं काम होणार नाही, पण सुनेच्या स्वतःच्या पॉलिसीवर तिचं होऊ शकतं. किती घरांत सुनेच्या नावाची पॉलिसी आहे, हा वेगळा प्रश्न, आणि तोही विचारायलाच हवा.

लोक नियम वाचत नाहीत म्हणून एजंटचं दुकान चालतं. ‘कागजां का टेन्शन नक्को लेव, मैं देख लेतूं’ एवढं एक वाक्य तो विकतो. बदल्यात कोऱ्या अर्जांवर सह्या घेतो. त्या गठ्ठ्यात सर्वांत वर असतो फॉर्म १, आपल्या तब्येतीचं आपणच केलेलं निवेदन. आपल्या लोकांचा मला खरा राग येतो तो इथे.

फॉर्म १मध्ये काय विचारलंय ते सही करणाऱ्यांतल्या किती जणांनी वाचलंय? फेफरं येतं का, एकाएकी शुद्ध हरपते का, चक्कर येते का. हातपाय धड आहेत का. रातांधळेपणा आहे का. ऐकू येतं का. आणि लख्ख उजेडात २५ मीटरवरून, चष्मा असेल तर चष्मा लावून, मोटारीची नंबर प्लेट प्रत्येक डोळ्यानं वाचता येते का. एजंट या सगळ्यांपुढे हव्या तशा खुणा करतो आणि खाली सही असते तुमची. तुमच्या डोळ्यांबद्दल परक्या माणसानं दिलेली ती ग्वाही असते. रामजन्मोत्सवाच्या गर्दीत किंवा हनुमान जयंतीची मिरवणूक गौलीगुड्याच्या राममंदिरापासून निघते त्या दिवशी इथल्या रस्त्यावर गाडी चालवून दाखवा, मग कळेल हे प्रश्न कुणी आणि का लिहिलेत.

ही परीक्षा घरीच घ्या. गल्लीत एक गाडी उभी करा, मोठ्ठी तीस-बत्तीस पावलं मागे या, एक डोळा झाका, नंबर वाचा. मग दुसरा डोळा. वाचता आला नाही तर आधी चष्म्याच्या दुकानात जा, आरटीएत नंतर. वय चाळिशीच्या पुढे असेल तर फॉर्म १ए, म्हणजे डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. तेही तपासून घ्या. डॉक्टरनं मान वर न करता सही केली तर ते प्रमाणपत्र कुचकामी आहे, मग ते कितीही लवकर मिळालेलं असो.

‘इतकी वर्षं चालवतेय, कुणी धरलं नाही’ असं म्हणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात विनापरवाना चालवण्याचा दंड ५,००० रुपये आहे, आधी तो ५०० होता. कलम १८० प्रमाणे तिला गाडी देणारा मालकही तेवढाच गुन्हेगार, म्हणजे बहुधा नवरा. दंड परवडेल हो. पण उद्या अफजलगंजच्या वळणावर कुणी म्हातारा चाकाखाली आला, तर विमा कंपनी त्याच्या घरच्यांना पैसे देईल आणि मग तेच पैसे मालकाकडून वसूल करू शकेल. सर्वोच्च न्यायालयानं स्वरणसिंग खटल्यात २००४मध्ये हा रस्ता आखून दिलाय. घर विकायची वेळ त्यातून येते, चालानातून नव्हे.

आणि सोळाव्या वर्षी पोराच्या हातात बुलेट देणाऱ्या बापांनो, तुमच्यासाठी कलम १९९अ आहे. पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. सोळाव्या वर्षी मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचं लायसन. तुमच्या पोराची गाडी त्यात बसत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

कागद जुळले की पुढचं काम फार नाही. ऑनलाइन स्लॉट, लर्निंगची संगणकावरची परीक्षा, मग किमान ३० दिवस सराव आणि सहा महिन्यांच्या आत पक्क्या लायसनची चाचणी. तिशीच्या आत मिळालेलं लायसन चाळिशीपर्यंत चालतं. एवढ्या कामासाठी एजंटला हजारो रुपये मोजायचे कशाला?

गाडी या वस्तीला नवी नाही. निजामानं १९३२मध्ये २७ बस घेऊन सुरू केलेल्या सेवेचा पसारा पुढे याच गौलीगुड्यातल्या बसस्थानकाच्या घुमटाखाली वाढला. २०१८च्या ५ जुलैला तो घुमट कोसळेपर्यंत त्याच्या आडोशानं ड्रायव्हरांच्या पिढ्या वावरल्या. आणि आपल्या लोकांना कागदही नवा नाही. १९०७मध्ये विवेकवर्धिनी आणि १९२२मध्ये इसामिया बाजारचं मराठी ग्रंथसंग्रहालय निजामाच्या राज्यात उभं केलं, ते अर्ज-विनंत्या लिहिण्यात तरबेज असलेल्या माणसांनीच. त्यांचे वारस आज बँकांतून, सचिवालयातून, विद्यापीठातून निवृत्त होऊन घरी बसलेत. अर्जाचा रकाना कसा वाचायचा ते त्यांच्याइतकं कुणाला कळतं?

म्हणून इथल्या मराठी मंडळांना माझी जाहीर मागणी आहे. कोजागरी आणि हळदीकुंकवाच्या कार्यक्रमपत्रिकेत एक रविवार कागदांसाठी काढा. दोन टेबलं, एक झेरॉक्स मशीन, चार निवृत्त काका-काकू. येणाऱ्यानं मेमो, जन्म दाखला, आधार, पॅन आणि विवाह नोंदणीचा दाखला घेऊन यायचं. पाचही कागद शेजारी शेजारी मांडायचे, नाव, बापाचं नाव, जन्मतारीख आणि घर नंबर अक्षर न् अक्षर ताडून बघायचं आणि आधी काय दुरुस्त करायचं, कुठल्या मी-सेवा केंद्रात, कोणत्या पुराव्यावर, हे एका चिठ्ठीवर लिहून द्यायचं. पहिला रविवार फक्त सुनांसाठी ठेवा. स्कूटीवरून आलेल्यांना लायसनबद्दल त्या दिवशी काही बोलू नका, आधी खुर्ची द्या आणि पिशवीतले कागद बाहेर काढायला सांगा.