द्रवसाबण घट्ट करणे व तो नितळ राखणे : म्यूनिकहून शिक्रापूरच्या घरास पत्र

तीर्थरूप अण्णा व सौ. आई यांस,

भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचा घट्टपणा आणि त्याचा नितळपणा हे दोन गुण एका बाटलीत सुखाने नांदत नाहीत, आणि काकू व आत्या यांच्यात गेल्या महिन्यापासून जुंपलेल्या वादाचे मूळही तेवढेच आहे. त्यात कोणाच्या माहेरचा, हातगुणाचा किंवा बचत गटाच्या अध्यक्षपदाचा काही संबंध नाही. मंगळवारच्या फोनवर "पन्नास लिटरचं पाणी झालं!" एवढे ऐकू येऊन बोलणे तुटल्यामुळे म्यूनिकच्या कुटुंबाने टाकी फुटल्याचे गृहीत धरून अर्धी रात्र जागून काढली, हे मात्र नोंदविणे आवश्यक आहे. मागील पत्रात ‘मी, मला, माझे’ फार झाले असा शेरा अण्णांनी लाल शाईने मारल्याने प्रस्तुत पत्र ग्रंथाच्या भाषेत, पण पोळ्या आणि धुणे यांच्यामधील फटीत लिहिले आहे.

बचत गट बनवतो त्या लिक्विडमध्ये मुख्य द्रव्ये दोन आहेत: एक अ‍ॅसिड स्लरी, म्हणजे कॉस्टिक सोड्याने शमवावे लागणारे तपकिरी, दाट आम्ल, आणि दुसरे एसएलईएस, म्हणजे पांढरट लगद्याच्या रूपात मिळणारे फेसाचे द्रव्य. दोन्हींच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे व दुसरे तेलाकडे ओढ घेते, त्यामुळे पाण्यात हे रेणू तेलाची टोके आत लपवून सूक्ष्म पुंजके करतात, ज्यांना मिसेल म्हणतात. बाहेरच्या टोकांवर ऋण विद्युतभार असल्याने ती एकमेकांना दूर लोटतात, पुंजका गोल राहतो, आणि गोल पुंजके परस्परांना न अडता घसरत असल्याने द्रव पातळ वाटतो. मीठ घातले की त्यातील सोडियमचे धनभारित कण मध्ये पडून ही दूर लोटण्याची प्रवृत्ती कमी करतात, टोके जवळ सरकतात, पुंजके लांबत जाऊन शेवयांसारखे एकमेकांत गुंततात आणि द्रव घट्ट होतो. तरीही त्यांची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा फारच कमी असल्याने बाटलीतून पलीकडचे दिसत राहते. मीठ हा स्वस्तातला आणि नितळपणा न बिघडवणारा उपाय ठरतो तो यामुळे, आणि इथपर्यंत, मीठच घालावे हे आत्यांचेच म्हणणे खरे आहे.

मात्र मीठ वाढवत गेल्यास घट्टपणा एका शिखरापर्यंत चढतो आणि पुढे तेच मीठ द्रवाला पुन्हा पातळ करते, या चढउताराला मिठाचा वक्र म्हणतात. साधारणपणे एकूण वजनाच्या 1 ते 3 टक्के मीठ पुरते, म्हणजे पन्नास लिटरला अर्धा ते दीड किलो. आत्यांनी किती घातले याचे उत्तर फोनवर "अंदाजानं" असे मिळाल्याने अधिक भाष्य करणे धाडसाचे होईल. पातळ दिसले म्हणून घाल आणखी मीठ, असे केल्याने पन्नास लिटर शिखर ओलांडून पलीकडच्या उतारावर गेले आहे. आता मीठ काढता येत नाही, परंतु मीठ न घातलेला नवा घाणा करून त्यात जुना थोडाथोडा मिसळल्यास माल वाचेल. यापुढे मीठ कोरडे न टाकता वेगळ्या पाण्यात विरघळवून थोडेथोडे घालावे आणि परीक्षा सकाळी, द्रव थंड असताना करावी, कारण मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये कोणतेही लिक्विड पातळच दिसणार.

नितळपणाचा प्रश्न वेगळा असून त्याचा पुरावा भाच्याच्या सामानातून म्यूनिकला पोहोचला. खोबरेल तेलाच्या जुन्या बाटलीत भरलेले, झाकणाभोवती चिकटपट्टीचे सात वेढे व त्यावर रबर असलेले, आणि काकूंच्या अक्षरात ‘पिऊ नये’ असे बजावणारे हे लिक्विड तळघरातील थंडीत पांढरट झाले आणि कोमट पाण्यात बाटली धरल्यावर बरेचसे निवळले. मीठ जितके जास्त, तितका साबण थंडीत लवकर गढुळतो, असा या लक्षणाचा अर्थ आहे. तरीही तळाशी जो पांढरा गाळ उरला तो थंडीचा नसून बोअरच्या पाण्याचा आहे: कठीण पाण्यातील कॅल्शियम अ‍ॅसिड स्लरीपासून बनलेल्या साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करते, एसएलईएस मात्र कठीण पाणी बऱ्यापैकी सोसते. म्हणून गटाने बोअरचे पाणी सोडून फिल्टरचे जार आणावेत, किंवा पावसाळ्यात पागोळीखाली पिंप लावावे. परदेशात पाणी गोडे असते हा काकूंचा समज येथे टिकत नाही, कारण म्यूनिकचे पाणीही कठीणच आहे. 2007 च्या जर्मन कायद्यानुसार लिटरमागे सुमारे 250 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटहून अधिक कठीणपणा असलेले पाणी ‘कठीण’ गणले जाते आणि धुण्याच्या पुड्यावर पाण्याच्या कठीणपणाप्रमाणे मापे छापावी लागतात.

एवढ्या निदानासाठी घरीही एक घाणा करून पाहणे शास्त्रास धरून होते, आणि येथेच इमारतीच्या नियमावलीशी गाठ पडली. त्या नियमावलीप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 आणि रविवारी दिवसभर आवाज वर्ज्य आहे. भिंतीला छिद्र पाडणे, झाडणयंत्र फिरवणे, हातोडी मारणे यांपैकी काहीही चालत नाही. चिरंजीवांनी एसएलईएसचा लगदा ड्रिल मशीनला पळी बांधून घुसळण्याचे योजले, आणि वार निवडला रविवार. खालच्या मजल्यावरून आलेल्या चिठ्ठीत सभ्य शब्दांत विचारले होते की, भिंत अजून किती शिल्लक आहे? शिवाय जोरात घुसळल्याने हवेचे बुडबुडे अडकून घाणा ताकाच्या रंगाचा झाला, तो दुसऱ्या दिवशी आपोआप निवळला. गटातील मुलींनी यावरून हळू ढवळण्याचा धडा घ्यावा. मिठासाठी भांडी धुण्याच्या यंत्रात घालतात ते जाडे मीठ वापरले, कारण खाण्याच्या मिठात ते मोकळे राहावे म्हणून घातलेली द्रव्ये कधीकधी स्वतःच गढूळपणा आणतात.

हा उद्योग किफायतशीर मात्र मुळीच नाही, हे अण्णांच्या हिशेबी स्वभावास आधीच सांगितलेले बरे. येथे भांड्यांच्या साबणाची बाटली एका युरोच्या आतबाहेर मिळते, म्हणजे शंभर रुपयांच्या आसपास, तर भारतीय दुकानातील मेथीची जुडी, तीही मान टाकलेली, तीन युरोंना. ज्या आठवड्यात ती जुडी घ्यावी की नाही यावर येथे कौटुंबिक बैठक बसली, त्याच आठवड्यात भाव नाही म्हणून तिकडे बाळूदादांनी मेथीच्या उभ्या वाफ्यावर रोटाव्हेटर फिरवल्याचे कळले. त्या संध्याकाळी भाजी कोणालाही गोड लागली नाही, आणि सूनबाईंनी जुडीची मुळेसुद्धा टाकवेनात म्हणून पेल्यात लावून ठेवली आहेत.

काकूंनी विचारलेल्या परदेशी बाटलीतील रहस्याबद्दल सांगायचे तर युरोपीय नियमाने मुख्य घटकांचे ढोबळ प्रमाण वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे, आणि त्यात मुख्य फेसद्रव्यासोबत थोडे ‘अ‍ॅम्फोटेरिक’ द्रव्य आढळते, म्हणजे एकाच रेणूत धन व ऋण दोन्ही भार बाळगणारे, बहुधा बीटेन; ते पुंजक्यांत शिरून थोड्या मिठातही घट्टपणा आणते आणि हातांचीही आग होऊ देत नाही. आत्यांनी सुचविलेली आणि एका डब्यात घातलेली साबुदाण्याची खळ घट्टपणा देईल, पण द्रव धुकट होईल आणि आठवड्यात आंबेल. झँथन गोंदही साध्या प्रतीचा असल्यास धूसरपणा आणतो. डिंकच हवा असेल तर हायड्रॉक्सी-एथिल सेल्युलोज पाण्यात नीट भिजवून घालावे, ते काचेसारखे राहते. अधिक शंका असल्यास म्यूनिकला विचारण्याऐवजी आपल्याच तालुक्यातले पाबळ जवळ आहे: तेथील विज्ञान आश्रम 1983 मध्ये स्थापन करणारे डॉ. श्रीनाथ कलबाग त्याआधी हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रात होते, तेव्हा साबण आणि शिरूर तालुका यांचे नाते नवे नाही.

आता घरच्या बातम्यांविषयी. नमूच्या लग्नासाठी तिच्या सासरच्यांनी हॉल रांजणगावलाच धरला हे योग्य झाले, परंतु चाकण चौकातील कोंडी लक्षात घेता मुहूर्त दुपारचा न धरणे वऱ्हाडाच्या हिताचे आहे. वेळ नदीला पाणी आले की नाही, हे तीन फोनांत कोणीच सांगितले नाही. धाकट्यांना आजीच्या परसात राखेने आणि चिंचेने घासलेला पितळी तांब्या आठवतो, आणि येथील यंत्रातून भांडी काढताना ती हटकून विचारतात की यातले आजीचे कोणते. त्या प्रश्नाला ग्रंथाच्या भाषेत उत्तर सापडलेले नाही.

काकूंची बाटली निम्मी उरली असून ती वापरण्यास सूनबाईंची परवानगी नाही.

ता. क. पन्नास लिटरपैकी आत्यांनी खळ घातलेला डबा वेगळा काढून त्यावर नाव लिहावे आणि तो नमूच्या लग्नाच्या पंगतीसाठी देऊ नये. आचारी आधीच रागीट आहे. पुढच्या सामानात लिक्विड नको, मेथीचे बी पाठवावे.