सप्तसूत्री आणि साधुवाणी

गेल्या रविवारी आमच्या गावातील एका मंगल कार्यालयात, जेथे एरवी वधूवरांकडून सप्तपदी चालवून घेतली जाते, तेथेच व्यापारी मंडळींना यशाची सप्तसूत्री पढविण्याचा सोहळा पार पडला. आणि दुकानांशी ज्याचा संबंध आजवर केवळ उधारीच्या खात्यापुरताच आला, असा प्रस्तुत लेखक आमच्या आळीतील टेलरमास्तरांच्या आग्रहास्तव, माणशी पाच हजार रुपये दक्षिणा भरून, तेथे हजर राहिला. ज्ञानाची किंमत इतकी असल्यास अज्ञानच परवडते, असे मी मास्तरांना सुचवून पाहिले होते. परंतु मुदतीपूर्वी रक्कम भरणाऱ्यांस एक वही आणि एक लेखणी मोफत मिळणार असल्याने माझा युक्तिवाद दप्तरी दाखल झाला.

व्यासपीठावरील गुरुवर्यांनी कोट चढविला होता आणि समोर बसलेल्या सव्वाशे जणांना ते एकाच हुकुमाने हाकीत होते. त्या सव्वाशे जणांत पिठाच्या गिरणीचे मालक होते, खाणावळ चालविणाऱ्या बाई होत्या, घड्याळे दुरुस्त करणारे वृद्ध गृहस्थ होते आणि अगदी मागच्या रांगेत, शिरस्त्याप्रमाणे कोणीही शेजारी बसू नये अशा बेताने, अंत्यविधीच्या साहित्याचे दुकानदार होते. ‘एकदा आलेले गिऱ्हाईक महिन्याच्या आत पुन्हा आलेच पाहिजे’ हे तिसरे सूत्र गुरुवर्यांनी सर्वांकडून तारस्वरात म्हणवून घेतले, तेव्हा या शेवटच्या गृहस्थांच्या मुद्रेवर जी अगतिकता उमटली, तिचे वर्णन करण्यास माझी लेखणी, म्हणजे ती मोफत मिळालेली, असमर्थ आहे. घड्याळजींची कैफियत वेगळी होती. त्यांच्या धंद्यात महिन्याच्या आत परत येणारे गिऱ्हाईक म्हणजे स्वतःच्या फजितीची पावती. पाचव्या सूत्राने प्रत्येकाला दहा शाखा काढण्याचे फर्मान सोडले, तेव्हा खाणावळीच्या बाई हळूच म्हणाल्या, “आमटीची फोडणी मीच घालते हो, दहा ठिकाणी कशी पुरी पडू?” हाताची चव मुखत्यारपत्र लिहून दुसऱ्याच्या नावे करून देता येत नाही, ही अडचण सप्तसूत्रीच्या कर्त्याला सुचलेली नव्हती.

दृष्टांतादाखल पडद्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांचे छायाचित्र अवतरले आणि त्यांच्या यशाचे रहस्य ‘चिकाटी’ या एका शब्दात उरकण्यात आले. त्यांच्या चिकाटीविषयी शंका घेण्याचे पाप मी करणार नाही. परंतु चरित्र पाहू गेल्यास असे दिसते की, चित्रकार होण्यासाठी मुंबईस गेलेल्या या माणसाला रंगांतील भेद नीट उमगत नसल्यामुळे चित्रकला सोडावी लागली आणि तो यांत्रिक आरेखनाकडे वळला. बेळगावात सायकलींचे दुकान काढून तो पुढे लोखंडी नांगराकडे आला. लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीमुळे शेतकरी नांगराला हात लावीनात. आणि अखेर औंधच्या अधिपतींनी आश्रय दिला, तेव्हा १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. यातून सूत्रेच काढावयाची तर पहिले सूत्र ‘रंग ओळखू नयेत’ आणि दुसरे सूत्र ‘एक संस्थानिक मिळवावा’ असे काढण्यास काय प्रत्यवाय आहे? तितकीच चिकाटी अंगी असून ज्यांचे नांगर गंजून गेले, त्यांची छायाचित्रे पडद्यावर येत नाहीत, कारण दिवाळे निघालेला मनुष्य आत्मचरित्र लिहीत नाही, आणि लिहिलेच तर ते विकत कोण घेणार?

हा भाबडेपणा केवळ आपल्याच वाट्याला आला आहे, असे मानण्याचे कारण नाही. अमेरिकेत पीटर्स आणि वॉटरमन या द्वयीने १९८२ साली ४३ उत्कृष्ट कंपन्या निवडून त्यांच्या गुणांची संहिता एका ग्रंथात सिद्ध केली. ग्रंथ अफाट खपला, पण दोनच वर्षांनी ‘बिझनेस वीक’ने त्यांतील कित्येक कंपन्यांची घसरण मुखपृष्ठावर मांडली. २००१ साली जिम कॉलिन्स यांनी शेकडो कंपन्या चाळून ११ थोर कंपन्या वेचल्या. त्यांपैकी ‘सर्किट सिटी’ने २००८ साली दिवाळखोरीचा अर्ज दिला आणि त्याच वर्षी ‘फॅनी मे’चा कारभार सरकारला आपल्या ताब्यात घ्यावा लागला. ज्यांनी इतक्या कंपन्यांची दप्तरे उलथीपालथी केली त्यांच्या निवडीची ही गत; मग ज्यांनी समोरच्या एकाही दुकानदाराची रोजकीर्द वा खतावणी पाहण्याची तसदी घेतली नाही, त्यांच्या सूत्रांविषयी काय बोलावे? वैद्य नाडी पाहून मात्रा देतो. सर्व रोगांवर एकच बाटली जत्रेतला औषधविक्या देतो, आणि दुसऱ्या दिवशी तो त्या गावात नसतो. उधारी वेळेवर वसूल करावी, हिशेब रोजच्या रोज लिहावा आणि तराजूला हात लावू नये, ही तीन वचने सप्तसूत्रीतही होती आणि ती खरीही आहेत. पण ती कोणत्याही पेढीवरचा जुना मुनीम पानसुपारीच्या मोबदल्यात सांगतो.

सायंकाळी ‘यश न आल्यास पैसे परत’ या हमीचा दस्तऐवज वाटण्यात आला. त्याच्या तळाशी, ज्या आकाराची अक्षरे वाचण्यासाठी घड्याळजींना आपले भिंग काढावे लागले, तेथे अशी अट होती की अर्जदाराने सातही सूत्रे पूर्ण निष्ठेने पाळल्याचे सिद्ध करावे. म्हणजे यश आले तर सूत्रे खरी, आणि न आले तर निष्ठा खोटी! मला सत्यनारायणाच्या कथेतील साधुवाण्याची आठवण झाली. त्याने पूजेचा संकल्प लांबणीवर टाकला तर त्याला कारागृह भोगावे लागले, आणि तो दंडी संन्याशाशी खोटे बोलला तर नौकेतील द्रव्याची वेली-पाने झाली. दोष सर्वस्वी वाण्याचा, व्रताचा कधीच नाही. फरक इतकाच की, त्या कथेच्या अखेरीस सव्वा मापाचा शिरा तरी हाती पडतो.

परतीच्या वाटेवर मास्तर बराच वेळ गप्प होते. गळ्यातील फीत, जी ते सवयीने सभेतही घालून आले होते, त्यांनी काढून गुंडाळली आणि खिशात ठेवली. शेवटी म्हणाले, “साहेब, चाळीस वर्षं हा धंदा करतोय. दोन सख्ख्या भावांचा सदरा एका मापात बसत नाही. आम्ही आधी माप घेतो, मग कापतो.”

“आणि यांनी?” मी विचारले.

“यांनी माप न घेताच कापलं.”